वाटीच्या तळाशी नाणं

अमरावती
बुधवार, दि. १ जुलै २०२६

चि. नितेशराव यांस,

शालिकराम गावंडे यांचा आशीर्वाद. तुमच्या सासूबाईंचाही. आमच्या दोघांच्या प्रकृती बऱ्या आहेत, तुमचीही असावी. आरतीची वेगळी विचारपूस करत नाही. ती दर सोमवारी आईला फोन करते आणि मी खोलीत आलो की ठेवते, म्हणजे तब्येत ठणठणीत असणार.

खिशात फोन असताना सासरा पत्र कशाला लिहितो, असं वाटेल. तुमच्या सासूबाईंच्या मते मी फोनवर तिसऱ्या वाक्याला भांडतो. मला ते मान्य नाही, पण चौतीस वर्षं पशुधन पर्यवेक्षक म्हणून अहवाल लिहिल्यामुळे कागदावर मी जरा माणसात असतो, हे खरं आहे. शेजारचा किशोर रोज अकोल्याला नोकरीला जातो. त्याच्या हाती हे पाठवतो आहे.

काम असं. येत्या रविवारी, पाच तारखेला, सकाळी दहा वाजता आमच्या कॉलनीत आठ कुत्र्यांना लस टोचायची आहे. रेबीजची आणि तुमची ती अनेक रोगांची एकत्र असते ती, दोन्ही. तुमच्या दवाखान्यातून बर्फाच्या पेटीत घेऊन या. लोकांनी विचारलं तर बूस्टर आहे म्हणून सांगा. मला काही विचारू नका.

इथली गिऱ्हाइकं कशी आहेत हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे तुम्हाला झटका बसणार नाही. तुमच्या अकोल्यात लोक कुत्र्याला गाडीतून आणतात आणि तुमच्या टेबलावर ठेवून गुपचूप उभे राहतात. इथे प्रत्येक जण स्वतःच डॉक्टर आहे.

पहिले आमचे श्याम सर. स्पर्धा परीक्षांचा क्लास चालवतात. त्यांनी बर्फाच्या मुलखातला तो केसाळ कुत्रा आणला, अमरावतीत! मे महिन्यात, पारा पंचेचाळीसवर असताना, दुपारी चार वाजता त्याला डांबरी रस्त्यावर फिरवला. पायाचे तळवे भाजले, जीभ हातभर बाहेर, आणि चौकात कुत्रं आडवं. मी धावलो. सर त्याच्या तोंडात बर्फाचे खडे कोंबत होते. मी ते फेकून दिले, त्याला सावलीत ओढलं, पोटावर आणि जांघेत साधं पाणी ओतलं, पुठ्ठ्यानं वारा घातला. अर्ध्या तासानं कुत्रं उठून बसलं. तर सर मला विचारतात, "गावंडेसाहेब, सकाळीच त्याले आईस्क्रीम देलं होतं, तरी काहून ऊन लागलं असन?" हा मनुष्य दोनशे पोरांना बुद्धिमत्ता चाचणी शिकवतो.

दुसरे खुशालराव. वीस एकर काळी जमीन, पोरगा पुण्यात, घरी शिकारी जातीचं कुत्रं. त्याला खरूज झाली तर यांनी गॅरेजमधून जळकं ऑईल आणून फासलं. का, तर त्यांच्या वडिलांनी बैलाला फासलं होतं आणि बैल बरा झाला होता. बैल अंग चाटून काढत नाही हो, कुत्रं चाटतं! त्याची कातडी सोलून निघाली. ते निस्तरून महिना होत नाही तर गोचीड झाले म्हणून कपाशीवर फवारायचं औषध त्याच्या अंगावर मारलं. कुत्रं लाळ गाळून थरथरायला लागलं. आधी साबणाच्या पाण्यानं दोन वेळा धुतलं, मग सरकारी दवाखान्यात नेऊन इंजेक्शन द्यायला लावलं, तेव्हा वाचलं. मी म्हटलं, खुशालराव, गोचीड मेले असते, पण सोबतीला कुत्र्यालाही घेऊन गेले असते. ते हसले. त्यांना वाटलं मी गंमत करतोय.

तिसऱ्या एक वकीलबाई. कुत्र्याला ताप आला म्हणून स्वतःची अंगदुखीची गोळी पेढ्यात घालून दिली. दोन दिवस रक्ताच्या उलट्या. वर मला म्हणतात, "माणसाले चालते, तर त्याले काहून नाही चालणार?" मी म्हटलं, बाई, कोर्टात त्यालाही काळा कोट घालून उभं करा मग.

अशी ही मंडळी. कानात पू होऊन कुत्रं डोकं झटकून झटकून बेजार होईपर्यंत कान उलटून पाहणार नाहीत. जंताचं औषध तीन महिन्यांनी द्या म्हटलं की विसरणार. गोचीड बोटांच्या बेचक्यात आणि कानाच्या आत शोधायचे असतात, हे दहा वेळा सांगितलं तरी पाठीवरून हात फिरवून "एकही नाही जी" म्हणणार. मग गोचिडाच्या तापानं हिरड्या पांढऱ्या पडल्या की दृष्ट काढणार. पी हळद आणि हो गोरी, असा यांचा खाक्या. एका बाबतीत मात्र सगळे शहाणे. लसीचं कार्ड जपतात, लग्नाच्या अल्बमसारखं प्लॅस्टिकमध्ये घालून. त्यावर माझी सही असते.

तुम्ही शिकलेले, पदवीधर. इथवर वाचून तुम्ही थांबला असाल आणि मनात म्हणाला असाल, मामाजी, या आठ कुत्र्यांना तुम्ही सात जूनच्या शिबिरातच टोचलं, आरती सांगत होती. मोठ्या कुत्र्याला लगेच पुढच्या महिन्यात बूस्टर कशासाठी?

कशासाठी ते सांगतो. जरा दमानं घ्या.

धोंड्याच्या जेवणाला तुम्ही आलात तो चोवीस मेचा रविवार आठवा. अधिक महिना तीन वर्षांनी येतो, जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे असतात, म्हणून तुम्हाला बोलावलं होतं. तुमच्या सासूबाई दोन दिवस खपत होत्या. तुम्ही पाटावर बसलात आणि पहिल्या घासालाच म्हणालात, "मामाजी, शिबिराले लस मी आणतो ना अकोल्याहून. उन्हाळ्यात लाइटीचा भरवसा नाही, घरच्या फ्रीजमध्ये काहून ठेवता?"

वाक्य साधं होतं. आज कागदावर लिहून पाहिलं तर त्यात काडीचाही अपमान दिसत नाही. त्या दिवशी मला दिसला. मी काय बोललो ते तुम्हाला पाठ असेल. मी म्हटलं, आम्ही सायकलवर थर्मास बांधून बार्शीटाकळीच्या वाड्यावस्त्यांवर जनावरं टोचली तेव्हा तुम्ही पाळण्यात होता. तुम्ही एसी लावून कुत्र्यांना शाम्पू करणारे, आम्हाला लस ठेवायला शिकवू नका. तुम्ही एक शब्द उलटून बोलला नाहीत. ताटावरून उठलाही नाहीत, तेवढं संस्कारी वागलात. पण आरती उठली. ताटातला धोंडा तसाच राहिला. तुम्ही गेल्यावर तुमच्या सासूबाई म्हणाल्या, "जवाई हाय तो तुमचा. हाताखालचा शिपाई नाही." मी त्यांनाही दोन शब्द सुनावले.

आता पुढचं.

चार जूनला आम्ही चांदूर रेल्वेला गेलो. माझ्या मेहुण्यानं धोंड्याला बोलावलं होतं, मला, जावई म्हणून. वय वर्षं चौसष्ट, दातांची कवळी, आणि पाटावर बसवून ओवाळून घेतलं. तीस-तीन धोंडे वाण म्हणून मिळाले. दोन दिवस मुक्काम करवला, जाऊच दिलं नाही. खरं सांगायचं तर मलाच निघावंसं वाटत नव्हतं. घरात लस आहे हे माहीत होतं. पण मान कुणाला नको असतो?

त्याच दिवशी, गुरुवारी संध्याकाळी, अमरावतीत वादळ झालं. कडुनिंब तारांवर पडला आणि कॉलनीची लाइट गेली. ती शनिवारी दुपारी आली. आम्ही शनिवारी संध्याकाळी परतलो तेव्हा पंखे फिरत होते, फ्रीज घुरघुरत होता, लसीच्या बाटल्या हाताला गार लागत होत्या. दिसायला सगळं जिथल्या तिथं होतं.

नोकरीत असताना मी नव्या पोरांना एक युक्ती शिकवायचो. वाटीत पाणी गोठवायचं, बर्फावर एक नाणं ठेवायचं आणि वाटी वरच्या खणात ठेवून द्यायची. तुमच्या पाठीमागे लाइट गेली आणि आली तर फ्रीज खोटं बोलेल, वाटी बोलणार नाही. बर्फ वितळला की नाणं बुडतं, आणि पुन्हा गोठला तरी ते तळाशीच राहतं. ही युक्ती माझ्या घरीही मी पाळतो. एका पोराला मी या नाण्यावरून सगळ्यांसमोर रडेपर्यंत बोललो होतो. तीस मात्रा त्याला माझ्यासमोर मातीत ओतायला लावल्या होत्या.

शनिवारी संध्याकाळी मी वरचा खण उघडला. नाणं तळाशी होतं.

तुम्ही विचाराल, मग फेकली का नाही. दुसऱ्या दिवशी शिबिर होतं. फाटकाला कागद लावला होता. लस फेकली असती तर एकच वाट उरली होती, तुम्हाला फोन करून "नितेशराव, तुम्ही म्हणत होता तसंच झालं, आणा तुमची पेटी" असं म्हणायचं. मी फोन हातात घेतला होता. तुमचं नावही काढलं होतं. मग ठेवून दिला. मनाशी म्हटलं, रेबीजची लस तशी दणकट असते, दोन दिवसांत काय होतंय. हेच वाक्य मला एखादा शिपाई बोलला असता तर मी त्याला उभा जाळला असता.

रविवारी नऊ कुत्री आली आणि मी नऊही टोचली. सह्या केल्या.

वर मी आठ लिहिलं आहे. चूक नाही ती. आता आठच आहेत.

नववं पिल्लू होतं, दोन महिन्यांचं, गावठी, बुंदी नावाचं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी माणिकबाई राहते. क्लासच्या पोरांची मेस चालवते, एकटी. तिची मुलगी आचल, चौथीत. पिल्लू त्या पोरीचं. कॉलनीतल्या सगळ्या शिकल्या-सवरल्यांत माझं प्रत्येक म्हणणं पाळणारं घर कुठलं असेल तर ते हे. मी सांगितलं ते पोरीनं स्केच पेननं लिहून दाराला चिकटवलं होतं. "जंताचं औषध झालं. पाणी उकळून. दुसरी सुई होईपर्यंत बाहेर न्यायचं नाही. गोड नाही." एवढं लिहून खाली स्वतःची सही, माझ्यासारखी.

बारा दिवसांनी पिल्लानं खाणं सोडलं. उलट्या, मग रक्ताची हगवण, तो वास. मी उंबऱ्यातूनच ओळखलं, पार्वो, त्या एकत्र लसीनं टळतो तोच आतड्याचा रोग. तीन दिवस सलाईन लावलं, उलटी थांबवायची सुई दिली, उशाशी बसलो. बावीस तारखेला सकाळी गेलं.

गल्लीत माणसं जमली होती. खुशालराव म्हणाले, "साहेब, लस तं तुमीच देली होती ना?" साधा प्रश्न होता. मी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. मी माणिकबाईकडे वळलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "मेसमधलं उरलंसुरलं मटण घातलं असशील. हाडं घातली असशील. लस काय करणार मग?"

ती म्हणाली, "नाही जी साहेब. दूधभाताबिगर काहीच नाही देलं."

मी म्हटलं, "तुम्ही लोक असंच म्हणता."

पार्वो हाडानं होत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. मलाही कुणी सांगायला नको होतं.

आता परवाची गोष्ट. सोमवारी पलीकडच्या वस्तीत एक कुत्रं पिसाळलं, दोघांना चावलं. आमच्या कॉलनीतली आठही कुत्री मोकळी फिरतात. त्यांच्याशी पोरं खेळतात, तोंडात हात घालतात. आणि त्यांचे मालक निवांत आहेत, कारण प्लॅस्टिकच्या पाकिटात माझी सही आहे.

म्हणून या. लोकांना बूस्टरच सांगू. आठ कुत्री सुरक्षित झाली की झालं. झालेली गोष्ट उकरून कुणाचं भलं होणार आहे?

गुरुवार, २ जुलै, संध्याकाळ

किशोरला सकाळी पत्र दिलं नाही. पाकीट बंद केलं होतं. तुमच्या सासूबाईंनी विचारलं, "काय लिवलं येवढं?" मी वाचून दाखवलं, सगळं. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे आता जवायालेही खोटं बोलाले लावता."

मी चप्पल घातली आणि माणिकबाईकडे गेलो.

ती पोळ्या लाटत होती. मी दारातच उभा राहिलो आणि सांगितलं. वादळाचं, लाइटीचं, नाण्याचं. लस बिघडली असेल हे मला ठाऊक होतं आणि तरी मी टोचली, हे त्याच शब्दांत सांगितलं. तुम्ही डॉक्टर आहात, तुम्ही म्हणाल, लस चांगली असती तरी एका मात्रेनं त्या वयाचं पिल्लू वाचलं असतं याची खात्री नाही. हे मलाही माहीत आहे. ते मी तिला सांगितलं नाही. खरं असलं तरी त्या दारात उभं राहून बोलायचा हक्क मला नव्हता.

तिचं लाटणं थांबलं नाही. तव्यावरची पोळी उलटवून तिनं विचारलं, "म्हंजे माह्या हातानं नाही मेलं ते?"

मी म्हटलं, "नाही."

ती म्हणाली, "हाड बी नाही?"

"नाही. हाडानं तो रोग होतच नाही."

मग तिनं गॅस बंद केला. मला वाटलं आता बोलेल, शिव्या देईल. मला ते परवडलं असतं. ती पदरानं हात पुसत म्हणाली, "साहेब, तुमी बोलले त्या दिवसापासून आचल माह्या हातचं जेवून नाही राहिली. बाजूच्या घरी जेवते. मले म्हणते, तुह्या हातात जहर हाय. मी पन्नास पोराईले जेवू घालतो, अन् माही पोरगी..." तिनं पुन्हा गॅस पेटवला, कारण पोरं जेवायला येऊ लागली होती. तव्याकडे बघत म्हणाली, "हे तुमीच सांगा तिले. माह्यावर नाही इश्वास बसणार. तुमी डॉक्टर हा."

नितेशराव, चौतीस वर्षांत मी माणसांना काय काय बोललो असेन. वासरू मेलं की बाईला बोललो, म्हैस आटली की म्हाताऱ्याला बोललो. बहुतेक वेळा माझं बरोबरही असायचं. त्या घरांत नंतर कोण कुणाच्या हातचं जेवायचं थांबलं, हे पाहायला मी कधी परत गेलो नाही.

तेव्हा वर लिहिलेलं बूस्टरचं खोडून टाका. रविवारी फाटकावर मीच सगळ्यांना सांगणार आहे, सुई काढण्याआधी. जुनी कार्डं मागून घेणार, नवी तुमच्या सहीची द्यायची. तुम्ही मोठ्या मनाचे आहात, "मामाजींनी मुद्दाम केलं नाही" असं काहीतरी म्हणायला जाल. म्हणू नका. आणि एक विनंती. मी बोलता बोलता श्याम सरांच्या बर्फावर किंवा खुशालरावांच्या ऑइलवर जाऊ लागलो, तर लोकांसमोर मला थांबवा. मी जाणारच. माझा स्वभाव मला माहीत आहे.

माणिकबाईचं घर ब्लिचिंगच्या पाण्यानं धुवून घ्यायला हवं. त्या जागी सहा महिने तरी नवं पिल्लू आणायचं नाही, हे पोरीला तुम्ही समजावा. माझ्या तोंडून ऐकलेला कुठला नियम ती आता पाळेल असं वाटत नाही, आणि पाळू नये.

आरतीला हे पत्र वाचायला द्या. वाचून दाखवू नका, तिच्या हातात द्या.

साडेपाच होत आलेत. हे मी माणिकबाईच्या ओट्यावर बसून लिहितो आहे. शाळेची ऑटो वळणावर दिसते आहे, आचल पुढच्याच सीटवर आहे. तिनं मला पाहिलंय. ती बाजूच्या घराकडे वळायच्या आत उठलं पाहिजे.

तुमचा,
शालिकराम
(साहेब नाही, डॉक्टर तर कधीच नव्हतो)